कोठ्यापासून पटापर्यंत

दिवाळी सरते, धान कापून-मळून घरात येतो, बांध्या मोकळ्या होतात आणि लाखांदूर तालुक्यातल्या दिघोरीत पानठेल्यावर, चौकात, शाळेच्या फाटकाशी एकच चौकशी सुरू होते: यंदा पट कुठे भरणार आणि कोणाकोणाच्या जोड्या येणार? ही चौकशी मोठ्यांपेक्षा मुलांमध्ये जास्त. सातवी-आठवीतल्या पोराला नामांकित जोड्या, त्यांचे धनी, गेल्या हंगामात त्यांनी घेतलेली बक्षिसे सगळे तोंडपाठ असते. त्याच पोराला विचारावे, की बैलाच्या वरच्या जबड्यात पुढचे दात किती असतात, तर तो गप्प होतो. वरच्या जबड्यात पुढे एकही दात नसतो, तिथे नुसती टणक हिरडी असते, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते. सांगायला हवे होते ते आपण, मोठ्या माणसांनी.

हे पुस्तक त्या वयाच्या मुलामुलींसाठी आहे. शंकरपट म्हणजे काय, तो कसा भरतो, त्याच्या रीती कोणत्या, कायदा काय म्हणतो, हे सगळे पुढच्या पानांत येईल. प्रस्तावनेत मला एकच गोष्ट मांडायची आहे. मुलांना पटाची ओळख व्हावी ती बैलाच्या अंगाने. वेग मागाहून यावा. ज्याने कोठ्यात शेण काढलेले नाही, खूर हातात धरून पाहिलेला नाही, आजारी जनावराजवळ रात्र काढलेली नाही, त्याच्या हाती कासरा देऊ नये. हे म्हणणे पटाच्या विरोधातले नाही. पट टिकावा असे मनापासून वाटणाऱ्याचे आहे.

हे पुस्तक झाडीपट्टीबाहेरही वाचले जाईल, म्हणून पटाविषयी, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीविषयी, थोडे सांगतो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या धानाच्या मुलखात कापणीनंतर जमीन कडक झाली, की धुरे फोडून, ढेकळे बसवून एक सरळ धावपट्टी तयार करतात. छकडा अगदी हलका, दोन चाकांचा, लाकूड लागेल तेवढेच. त्यावर धुरकरी जेमतेम पाय रोवून असतो. कुठे दोन जोड्या शेजारी शेजारी सोडतात, कुठे एकेक जोडी घड्याळाशी धावते. निकाल सेकंदाच्या अंशावर लागतो. पश्चिम महाराष्ट्रात याचे रूप वेगळे आहे. पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर, आंबेगाव, खेडच्या घाटांत बैलगाड्याला चार बैल जुंपतात आणि त्यांच्यापुढे घोडी धावते, तिच्यावर स्वार असतो. आपल्याकडे घोडी नाही. आपल्याकडे दोन बैल, एक माणूस आणि दोन्ही बाजूंना उभे गाव.

आणि आपल्याकडे रात्र आहे. पट पाहायला आलेले पाहुणे मुक्कामी राहतात, म्हणून रात्री नाटक. वडसा, म्हणजेच देसाईगंज, हे या नाटकांचे केंद्र. हंगामात तिथल्या मंडळ्या रोज नव्या गावी जातात, उघड्यावर मंच उभारतात आणि नाटक पहाटेपर्यंत चालते. या रंगभूमीवर आयुष्य घालवलेल्या डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा आमच्या भागात प्रत्येक घराला आपला माणूस दिल्लीत गेल्यासारखे वाटले. दंडार, खडी गंमत या लोककला आणि झाडीबोली यांवर साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी केलेले काम या पुस्तकाच्या वाचकांनी पुढे अवश्य पाहावे. पटाच्या निमित्ताने लेकी माहेरी येतात, सोयरे भेटतात, मुलगा-मुलगी पाहण्याच्या गोष्टी निघतात आणि कित्येक लग्ने अशा मुक्कामात ठरतात. पट बंद पडला तर एक शर्यत बंद पडली असे होत नाही, हिवाळ्यातला एवढा सगळा व्यवहार ढिला पडतो. म्हणून मुलांना पटापासून दूर ठेवा, हा सल्ला मला पटत नाही.

विदर्भात मुलाची बैलाशी पहिली ओळख फार लवकर आणि फार गोड होते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. नागपूरच्या भोसले राजघराण्याने, दुसऱ्या रघुजींच्या काळात, तो सुरू केला असे सांगतात. लहान मुले लाकडी बैल सजवतात, त्याच्या शिंगांना बेगड लावतात, गळ्यात माळ घालतात, तोरणाखाली नेतात आणि मग घरोघर जाऊन बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागतात. आदल्या दिवशी मोठ्यांनी खऱ्या बैलाशी जे केले त्याची ही हुबेहूब नक्कल असते. खांदा लोण्या-हळदीने शेकणे, अंघोळ घालणे, पुरणपोळी भरवणे, त्या दिवशी कामाला न जुंपणे, हे सारे मुलाने पाहिलेले असते. चार-पाच वर्षांच्या लेकराला जनावराचा मान करायला शिकवणारा असा सण दुसरीकडे मी पाहिलेला नाही, आणि त्याचा मला फार अभिमान आहे.

खरी अडचण तान्ह्या पोळ्यानंतर येते. आठ-नऊ वर्षांचा झाला की मुलगा लाकडी बैल ठेवून देतो. पुढची आठ-दहा वर्षे त्याला खऱ्या बैलाजवळ कोण नेतो? पूर्वी काम नेत असे. पोरगा गायक्याबरोबर ढोरे चारायला जाई, चिखलणीच्या वेळी बांधीत उभा राही, रोवणीच्या दिवसांत पऱ्ह्याच्या पेंढ्या वाहणाऱ्या बंडीवर बसे. कोणता बैल उजवीकडे चालतो, कोणता पाणी पाहून थबकतो, कोणाचा खांदा आला आहे, हे कुणी न शिकवता कळे. आता चिखलणी ट्रॅक्टर करतो, मळणी यंत्र करते. घरातली जोडी विकली गेली. देशभराच्या २०१९ च्या पशुगणनेत देशी आणि गावठी गोवंश २०१२ च्या तुलनेत सुमारे ६ टक्क्यांनी घटलेला दिसला. दिघोरीच्या एखाद्या गल्लीत उभे राहिले की रिकामे कोठे पाहूनच ते कळते. अशा घरातल्या मुलाला जिवंत बैल दिसतो तो थेट पटात, धूळ उडवत धावताना, तोंडाला फेस आलेला. त्याच्या मनात बैलाचे जे चित्र बसते ते एवढेच, आणि मग मोठेपणी तो बैलाकडून तेवढेच मागतो.

याच अडचणीचा दुसऱ्या एका मुलखाने केलेला विचार सांगण्यासारखा आहे, म्हणून जरा लांब जातो. इंग्लंडच्या ग्रामीण भागात खोकडाची शिकार हा हिवाळ्यातला मोठा सोहळा होता. घोडेस्वारांचा जथा, शिकारी कुत्र्यांची टोळी, लाल अंगरखे, शिंगाचा आवाज, कुत्री मोजायची ती जोड्यांनी, पुढे कोणी जायचे आणि मागे कोणी थांबायचे याचे कडक नियम, आणि हंगामात नाचगाण्याची रात्र. त्यांचा हिवाळा या शिकारीभोवती फिरे, आपला पटाभोवती फिरतो. या मंडळींना आपली मुले तयार करायची होती. १९२९ मध्ये तिथे ‘पोनी क्लब’ सुरू झाला. त्याच्या अनेक शाखा त्या त्या भागातल्या शिकारी जथ्यांच्या नावानेच ओळखल्या जातात. पण पोनी क्लबने मुलांना पहिल्या दिवशी शिकारीला पाठवले नाही. त्याच्या परीक्षा पायरीपायरीने आहेत आणि त्यांत घोड्यावर बसण्याइतकेच वजन घोडा सांभाळण्याला आहे. तबेला स्वच्छ ठेवणे, चारा-पाणी, खुरांची देखभाल, खोगिराने पाठ सोलली आहे का ते ओळखणे, हे न येणारे मूल पुढच्या पायरीवर जात नाही. ही गोष्ट मला मोलाची वाटते आणि आपण ती जशीच्या तशी घ्यावी असे वाटते.

त्याच परंपरेतली दुसरी गोष्ट मात्र मुलांना सांगताना मला जड जाते, तरी सांगतो. मूल पहिल्यांदा शिकारीला गेले आणि खोकड मारले गेले, तर त्या खोकडाचे रक्त मुलाच्या गालाला लावण्याची रीत होती. मुलाची दीक्षा झाली असे मानत. वडीलधाऱ्यांना त्यात काही वावगे वाटत नसे, कारण त्यांच्याही गालाला ते लागलेले होते. रीत जुनी आहे, वडिलांनी केली, आजोबांनी केली, एवढ्याने ती मुलाच्या अंगावर घालावी असे ठरत नाही. तिथल्या समाजात यावर अनेक दशके भांडण झाले. स्कॉटलंडने २००२ मध्ये कायदा केला. इंग्लंड आणि वेल्ससाठीचा कायदा २००४ मध्ये संमत होऊन १८ फेब्रुवारी २००५ पासून लागू झाला आणि कुत्र्यांकरवी खोकडाची शिकार करण्यावर बंदी आली. जथे मात्र मोडले नाहीत. आधीच टाकून ठेवलेल्या वासाच्या मागावर कुत्री आणि घोडे धावू लागले. त्या नावाखाली खरी शिकार चालते की काय, यावर तिथे आजही तंटा आहे. पोनी क्लब चालूच आहे. खोकड गेले तरी घोडा सांभाळण्याचे शिक्षण उरले, कारण त्याचा पाया आधीच स्वतंत्रपणे घातलेला होता.

हीच शिकार इंग्रजांनी हिंदुस्थानातही आणली होती. इथे विलायती खोकड नव्हते, म्हणून उटकमंडच्या माळांवर त्यांची कुत्री कोल्ह्यामागे धावत. तो खेळ साहेबांचा आणि त्यांच्या मेजवान्यांचा राहिला, इथल्या गावाने त्याला कधी आपला म्हटले नाही. पट आपला आहे. म्हणूनच त्यात काही चुकत असेल तर ते सुधारण्याची जबाबदारी पूर्णपणे आपलीच आहे.

खोकडाच्या शिकारीत आणि पटात एक मोठा फरक आहे. तिथे खेळाच्या शेवटी प्राणी मरतो. इथे बैलाने धावून, पाणी पिऊन, संध्याकाळी आपल्या कोठ्यात परत जायचे असते. पटाच्या बाजूने बोलणारे आम्ही सगळे हा फरक सांगतो. पण तो आपोआप टिकत नाही. तुतारीची आर टोचणे, शेपूट पिरगाळणे, ती दातांनी चावणे, विजेचा झटका देणे, दारू पाजणे, डोळ्यांत झणझणणारे काही घालणे, हे प्रकार पटांत झाले आहेत. या पुस्तकाचा वाचक लहान आहे म्हणून हे लपवावे असे मला वाटत नाही. त्याने ते कुठेतरी पाहिलेलेच असणार. ते चूक आहे, असे त्याच्या ओळखीच्या मोठ्या माणसाने ठामपणे म्हटलेले मात्र त्याने ऐकलेले नसेल. ते मी इथे म्हणतो.

कायद्याचा इतिहास मुलांना कळायला हवा, कारण त्यांच्या गावचा पट एका मोठ्या वादातून वाचून आला आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा केंद्राचा कायदा १९६० चा. त्यातल्या तरतुदीनुसार ११ जुलै २०११ रोजी केंद्र सरकारने प्रदर्शनासाठी वा करमणुकीच्या खेळासाठी वापरता येणार नाहीत अशा प्राण्यांच्या यादीत बैलाचा समावेश केला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती के. एस. राधाकृष्णन आणि न्यायमूर्ती पिनाकी चंद्र घोष यांच्या खंडपीठाने तमिळनाडूचा जल्लिकट्टू आणि महाराष्ट्रातल्या बैलांच्या शर्यती बंद केल्या. त्या निकालात प्राण्याच्या पाच स्वातंत्र्यांचा आधार घेतला आहे: भूक-तहानेपासून, गैरसोयीपासून, वेदना-जखम-रोगापासून, भीती आणि तणावापासून मुक्तता, आणि आपल्या स्वभावाप्रमाणे वागण्याची मुभा. आमच्या भागात त्या निकालावर फार राग झाला. मला वाटते ती पाच वाक्ये प्रत्येक कोठ्याच्या दारावर लिहून ठेवण्याजोगी आहेत, आणि आपले जुने जाणते धनी न वाचताही तीच पाळत आले होते.

पुढे २०१७ मध्ये जल्लिकट्टूसाठी चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर तरुणांनी ठिय्या दिला, तमिळनाडूने कायद्यात दुरुस्ती केली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रानेही केली. उच्च न्यायालयात महाराष्ट्राची दुरुस्ती अडली. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नियम पाळण्याच्या अटीवर महाराष्ट्रातल्या शर्यतींना परवानगी दिली, आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तमिळनाडू, कर्नाटक व महाराष्ट्राच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या. आता पटासाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. धावपट्टी १००० मीटरपेक्षा लांब असू शकत नाही. बैलाची पशुवैद्यकाकडून तपासणी व्हावी लागते. टोचणे, मारणे, झटका देणे, उत्तेजक पाजणे यांवर बंदी आहे. अटी मोडणाऱ्याला ५ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

बंदीची ती साडेसात वर्षे मुलांच्या दृष्टीने पाहावीत. २०१४ मध्ये दहा वर्षांचा असलेला मुलगा २०२१ मध्ये सतरा वर्षांचा झाला. जनावर ओळखायचे, जोडी जुळवायची, कोणत्या बैलाला नको म्हणायचे हे शिकायचे नेमके वय बंदीत गेले. काही ठिकाणी चोरून पट झाले, गुन्हे नोंदले गेले, आणि चोरून केलेल्या गोष्टीत जाणत्या म्हाताऱ्यांचा शब्द चालत नाही, घाईचा चालतो. बंदी उठल्यावर हीच पिढी छकड्यावर उभी राहिली. तिच्याकडे हिंमत आहे आणि उत्साहही भरपूर आहे. मधली साखळी मात्र तुटलेली आहे. पटात दिसणाऱ्या बऱ्याच वेड्या धाडसाचे कारण मला इथे दिसते, आणि त्यासाठी त्या तरुणांना दोष देऊन काही साधणार नाही.

तर बैलाकडे वळू. पुस्तकाचा निम्म्याहून अधिक भाग त्याच्यावर आहे आणि तो तसाच असायला हवा.

बैलाचे वय दातांवरून कळते. पुढचे आठही दात खालच्या जबड्यात असतात. दुधाचे दात पडून मधले दोन पक्के दात येतात तेव्हा तो साधारण दोन-अडीच वर्षांचा असतो. पुढे चार, सहा, आणि चार ते पाच वर्षांच्या दरम्यान आठ. दोन दातांच्या गोऱ्ह्याला जीव तोडून पळवणे म्हणजे त्याचे सांधे भरण्याआधीच मोडायला घेणे. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात, त्यामुळे त्याला जवळजवळ चौफेर दिसते, फक्त अगदी पाठीमागचे दिसत नाही. म्हणून पाठीमागून गुपचूप जाऊन हात लावणारा मुलगा लाथ खातो, आणि खांद्याच्या बाजूने, बोलत बोलत जाणारा खात नाही. पटात दोन्ही बाजूंनी गर्दी ओरडत धावपट्टीत शिरते तेव्हा त्याला ती सगळी एकदम दिसते. माणसाला पुढचेच दिसते, त्यामुळे बैल का बिथरला हे धुरकऱ्याला कळत नाही. गर्दी दोरखंडाच्या मागे ठेवणे हे पोलिसांच्या सोयीइतकेच बैलाच्या डोळ्यांसाठी आहे.

त्याचे पोट चार कप्प्यांचे असते आणि दिवसातले कित्येक तास तो रवंथ करतो. पोट चाऱ्याने भरलेले असले की ते छातीच्या पडद्यावर दाबते, फुप्फुसांना फुलायला जागा राहत नाही. धावण्याच्या आधी त्याला पोटभर चारणारा धनी माया करतो आहे असे मुलांना वाटते, प्रत्यक्षात बैलाचा श्वास अडतो. निरोगी बैलाच्या अंगाची उष्णता ३८.५ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. म्हणजे आपल्याला ताप वाटेल ती त्याची नेहमीची, आणि हे माहीत नसल्याने अनेक जण हाताने चाचपून खरा ताप ओळखूच शकत नाहीत. थर्मामीटर वापरायला शिकावे. नाकपुडीचा भाग ओलसर असावा. कान गार लटकलेले नसावेत. धावून आल्यावर श्वास किती वेळाने पूर्ववत होतो ते घड्याळ लावून मोजावे. जी जोडी दर खेपेला आधीपेक्षा उशिरा शांत होते, तिला विश्रांती हवी असते. खुराच्या दोन फाटांमध्ये धानाचे धसकट किंवा खडा अडकतो. जोडी सोडण्याआधी चारही पाय उचलून पाहणे हे पाच मिनिटांचे काम आहे आणि ते मुलांना देता येते. जुवाने खांदा सोलला असेल तर वरून तेल लावून चालत नाही, जू उतरवावे लागते. एखादा बैल मान एका बाजूला कलती ठेवू लागला, डोके हलवू लागला, तर शिंगाचा कर्करोगही असू शकतो. बैलांमध्ये तो आढळतो आणि लवकर कळला तर शस्त्रक्रियेने जनावर वाचते.

आपल्या मातीतल्या जाती मुलांना ठाऊक असाव्यात. वर्धा-नागपूरकडची पांढरी, चपळ गवळाऊ. मराठ्यांच्या फौजांच्या वेगवान वाहतुकीसाठी हिचा उपयोग होई, असे जुन्या नोंदी सांगतात. आणि आपली कठाणी: आकाराने लहान, धानाच्या चिखलात न थकता चालणारी, पूर्व विदर्भाची म्हणून आता कर्नालच्या राष्ट्रीय संस्थेत अधिकृतपणे नोंदलेली जात. पटात बाहेरून आणलेल्या उंच, महागड्या जोड्यांचे कौतुक होते. कठाणीचा गोऱ्हा कुणाच्या नजरेत भरत नाही. पण चुलबंद नदीच्या काठच्या चिखलात पिढ्यान्‌पिढ्या घर चालवले ते याच लहान बैलांनी. एखाद्या मंडळाने फक्त कठाणी जोड्यांसाठी वेगळा पट ठेवला, तर ही जात कोठ्यात टिकायला मोठा आधार होईल.

पटाच्या बैलाची किंमत आता लाखांत जाते, त्याला खास खुराक असतो, पंखा असतो, त्याच्या नावाचे फलक लागतात. तो शेतात जात नाही. शेतीची जोडी वेगळी आणि पटाची वेगळी, अशी फाळणी झाली आहे. काहींना ही प्रगती वाटते. मला तिची चिंता वाटते. वर्षभर नांगराला चालणारा बैल हिवाळ्यात दोन-चार वेळा धावला तर तो धन्याच्या घरचा राहतो, हरला तरी. फक्त धावण्यासाठी घेतलेला बैल हरू लागला की त्याचे पुढे काय होते, हा प्रश्न मुलांनी धन्याला विचारावा, आणि धन्यांनी त्याचे खरे उत्तर द्यावे. पैजांचा पैसा आणि दारू या दोन गोष्टी पटात आल्या की निर्णय बैलाकडे पाहून होत नाहीत, म्हणून या गोष्टी जिथे चालतात त्या मंडपापासून मुलांनी दूर राहावे, असे या पुस्तकात स्पष्ट लिहिले आहे.

जागेचाही प्रश्न आहे. इटियाडोह आणि इतर प्रकल्पांच्या कालव्यांमुळे, बोअरवेलमुळे उन्हाळी धान वाढले. ज्या बांध्या पूर्वी पावसाळ्यापर्यंत मोकळ्या पडत, त्यांत संक्रांतीच्या सुमारास पुन्हा चिखल होतो. शेतकऱ्याला दुसरे पीक मिळते, हे चांगलेच. पण पटाचा हंगाम त्याने आखूड केला आणि धावपट्टी गावापासून दूर सरकली. रोगराईचे भान हवे ते वेगळे. सप्टेंबर २०२२ मध्ये लम्पी त्वचारोग पसरला तेव्हा राज्यात जनावरांचे बाजार, वाहतूक आणि शर्यती थांबवाव्या लागल्या. दहा गावांच्या जोड्या एका हौदावर पाणी पितात तिथे रोग किती सहज फिरतो, हे त्या वर्षी सगळ्यांनी पाहिले. आपली बादली आपण न्यावी, ही साधी सवय मुले लावू शकतात.

या पुस्तकात मुलगा-मुलगी असा भेद केलेला नाही, आणि तो सौजन्य म्हणून टाळलेला नाही. अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरच्या जुन्या, नामांकित शंकरपटात महिला स्वतः जोड्या हाकतात आणि त्यांचा पट पाहायला मोठी गर्दी लोटते. आणि कोठ्यातले काम तर आमच्या घरांत बायाच अधिक करत आल्या आहेत. बैल आजारी आहे हे घरात पहिल्यांदा आईला कळते, कारण सकाळी शेण-मूत तीच पाहते. हे ज्ञान तिने लेकीला दिले आणि लेकीने ते पटाच्या मैदानात आणले, तर पट अधिक शहाणा होईल.

पट भरवणाऱ्या मंडळांकडे माझे एक मागणे आहे. पहिल्या दिवशी सकाळी, जोड्या धावण्यापूर्वी, तासभर मुलांसाठी ठेवावा. छकडा नाही, शर्यत नाही. नियमाप्रमाणे पशुवैद्यक तपासणीला आलेलेच असतात. त्यांच्या शेजारी मुलांना उभे करावे, दात, खूर, खांदा, श्वास पाहू द्यावे, आणि ज्यांनी वर्षभर घरचे जनावर सांभाळले त्यांना मंडळाने पहिली, दुसरी, तिसरी अशा पायऱ्यांची प्रमाणपत्रे द्यावीत. शेवटची पायरी पार केल्याखेरीज आणि अठरा वर्षे पूर्ण झाल्याखेरीज कोणालाही स्पर्धेत छकड्यावर उभे करू नये. तपासणीत एखादी जोडी नापास झाली, तर कारण ध्वनिक्षेपकावरून मुलांना समजेल अशा शब्दांत सांगावे. ताप असलेला बैल न पळवता परत नेणाऱ्या धन्याचे नाव बक्षीस समारंभात विजेत्यांच्या बरोबरीने घ्यावे आणि त्याला नारळ-शेला द्यावा.